नाताळचा चित्रपट, बँकर खलनायक आणि अमेरिकेतील उजवी माध्यमे

अमेरिकेत दर नाताळाला दूरचित्रवाणीवर दाखविला जाणारा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा चित्रपट कौटुंबिक जिव्हाळ्याचे प्रतीक मानला जातो. मात्र १९४७ मध्ये 'एफबीआय' या केंद्रीय तपास यंत्रणेने हाच चित्रपट कम्युनिस्ट प्रचाराच्या संशयाखाली नोंदविला होता.

फ्रँक काप्रा दिग्दर्शित हा चित्रपट डिसेंबर १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा शेवट गोड असला तरी आशय काळोखा आहे. छोट्या गावात गरिबांना घरासाठी कर्ज देणारी संस्था चालविणारा जॉर्ज बेली (जेम्स स्ट्युअर्ट) नाताळच्या आदल्या रात्री आत्महत्येच्या विचाराने पुलावर उभा राहतो. संस्थेचे आठ हजार डॉलर त्याच्या काकांच्या चुकीने धनाढ्य पॉटरच्या हाती पडतात आणि पॉटर ते गुपचूप ठेवून घेतो. जॉर्ज जन्मलाच नसता तर गावाचे काय झाले असते, हे एक देवदूत त्याला दाखवितो. ते गाव दारूचे गुत्ते, जुगार आणि संशयाने भरलेले आहे व त्याला नावही पॉटरचेच आहे. विशेष म्हणजे पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही. पडद्यावरील गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, असा हॉलिवूडच्या आचारसंहितेचा त्या काळी दंडक होता, हे लक्षात घेता ही बाब आश्चर्याचीच!

तपास यंत्रणेचा आक्षेप याच पॉटरवर होता. बँकरला कंजूष आणि दुष्ट रंगवून श्रीमंत वर्गाची बदनामी करणे ही कम्युनिस्टांची नेहमीची क्लृप्ती आहे, असे अहवालाचे म्हणणे. पटकथालेखक ज्यांच्यासोबत दुपारचे जेवण घेत, त्यांचीही नोंद त्यात झाली. ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने हॉलिवूडमधील कम्युनिस्टांची जाहीर चौकशी सुरू केली. उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना पुढे तुरुंगवास झाला. काप्रांच्या चित्रपटावर कारवाई झाली नाही. गंमत अशी, की काप्रा आणि स्ट्युअर्ट हे दोघेही रिपब्लिकन विचारांचे! स्ट्युअर्ट तर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक होते.

चित्रपट सुरुवातीला तोट्यातच गेला. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले आणि वाहिन्यांना तो फुकटात दाखविता येऊ लागला. आजची 'परंपरा' मुख्यतः या कार्यालयीन विसराळूपणातून आली.

याच परंपरेच्या रक्षणाची भाषा पुढे उजव्या वृत्तवाहिन्यांनी उचलली. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर होते, ते १९८७ मध्ये रद्द झाले. त्यानंतर पुराणमतवादी नभोवाणी कार्यक्रम फोफावले आणि १९९६ मध्ये रूपर्ट मरडॉक यांची फॉक्स न्यूज सुरू झाली. २००४ पासून वाहिनीचे निवेदक बिल ओ'रायली यांनी नाताळ धोक्यात असल्याचा धोशा लावला. दुकाने 'मेरी ख्रिसमस'ऐवजी 'हॅपी हॉलिडेज' म्हणतात, ही मुख्य तक्रार. वाहिनीचेच निवेदक जॉन गिब्सन यांचे 'द वॉर ऑन ख्रिसमस' हे पुस्तक २००५ मध्ये आले.

नाताळच्या पडद्यावर खरोखर रक्त सांडले, तेव्हा वाद वेगळा होता. सांताक्लॉजच्या वेशातील खुन्याचा 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' १९८४ मध्ये आला आणि पालकांच्या निदर्शनांनंतर निर्मिती कंपनीला वितरण आवरते घ्यावे लागले. तो विरोध राजकीय नव्हता. जाहिरातीत सांताच्या हाती कुऱ्हाड पाहून मुले घाबरतील, एवढीच आयांची भीती होती.

श्रीमंत खलनायकावरील १९४७ चा आक्षेप मात्र ६४ वर्षांनी पुन्हा ऐकू आला. डिसेंबर २०११ मध्ये फॉक्स बिझनेस वाहिनीवर एरिक बोलिंग यांनी सुटीच्या हंगामातील 'द मपेट्स' या बालचित्रपटावर टीका केली. त्यातील खलनायक तेलसम्राट असल्याने मुलांच्या मनात उद्योगपतींविषयी विष कालवले जात असल्याचा हा आरोप होता. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत चित्रपटातील केरमिट या बाहुलीनेच त्याला उत्तर दिले. तेल कंपन्यांशी वैर असते, तर चित्रपटभर पेट्रोल पिणाऱ्या रोल्स-रॉइसमधून आम्ही कशाला हिंडलो असतो, असा त्याचा सवाल होता.