थरथरणाऱ्या थराची कुळकथा

अमेरिकेत १९९०च्या दशकात मोबाइल सेवेसाठी रेडिओलहरींचे दोन नवे पट्टे ठरले. फोनने संदेश पाठवायचा तो १८५० ते १९१० मेगाहर्ट्झवर आणि घ्यायचा तो १९३० ते १९९० मेगाहर्ट्झवर. मध्ये मोकळी जागा जेमतेम २० मेगाहर्ट्झची. सीडीएमए पद्धतीचा फोन एकाच अँटेनावरून, एकाच वेळी दोन्ही कामं करी. स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून दोन्ही पट्टे काटेकोर वेगळे ठेवणारा डुप्लेक्सर लागे. तो असे सिरॅमिकचा ठोकळा, फोनमध्ये भरपूर जागा खाणारा. त्याला हटवलं ते अॅल्युमिनियम नायट्राइडच्या मायक्रॉनभर जाडीच्या थराने.

या थराचं कूळ १८८०च्या पॅरिसपर्यंत जातं. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज, इतकंच काय उसाच्या साखरेचे स्फटिकही दाबून पाहिले. दाब पडताच त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार उमटला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने दाखवलं, की वीज दिली तर स्फटिकाने आकारही बदलायला हवा. क्युरी बंधूंनी तेही पडताळून पाहिलं आणि ते खरं निघालं. विसाव्या शतकात रेडिओ आणि घड्याळं क्वार्ट्झच्या ठोक्यावर चालली, ती याच गुणामुळे, म्हणजे पीझोइलेक्ट्रिक गुणामुळे.

स्फटिक जितका पातळ, तितकी त्याची कंपनं जलद. फोनच्या पट्ट्यांसाठी गिगाहर्ट्झ, म्हणजे हजार मेगाहर्ट्झ, गाठायचा तर जाडी एक-दोन मायक्रॉनवर आणावी लागते. क्वार्ट्झ घासून तिथवर नेणं फार अवघड. मग स्फटिक घासण्याऐवजी वाढवावाच, हा मार्ग पुढे आला. १९८०मध्ये वेगवेगळ्या संशोधकांनी सिलिकॉनवर झिंक ऑक्साइडचा थर चढवून असे रेझोनेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेलाच थरथरणारे घटक, करून दाखवले.

पण जस्ताने चिपच्या कारखान्यातली यंत्रं दूषित होतात. पीझेडटी हा पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिक पदार्थ कितीतरी जोरकस, पण त्यात शिसं. अॅल्युमिनियम नायट्राइड रसायनशास्त्राला १८६२पासून ठाऊक होतं. त्याचा पीझोइलेक्ट्रिक जोर बेताचा. मात्र त्यातली दोन्ही मूलद्रव्यं चिप कारखान्याला परकी नव्हती, आणि त्यातून ध्वनिलहर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने, फारशी न विरता जाते. निवड झाली ती या गुणांवर.

थर चढवणं ही कसोटीच असते. निर्वात कक्षात आर्गॉन आणि नायट्रोजन सोडून प्लाझ्मा पेटवतात. आयनांच्या माऱ्याने अॅल्युमिनियमच्या चकतीवरचे अणू उडतात आणि नायट्रोजनशी जुळून वेफरवर बसतात. तिथे वाढणारे स्फटिकांचे सूक्ष्म खांब ज्वारीच्या ताटांसारखे ताठ, एका दिशेने उभे राहायला हवेत. काही उलटे वाढले, तर त्यांचा भार शेजाऱ्यांचा भार खोडून काढतो. म्हणून खालचा मॉलिब्डेनमचा थर अत्यंत गुळगुळीत ठेवावा लागतो.

कॅलिफोर्नियात ह्युलेट-पॅकार्डमध्ये रिचर्ड रूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थराखाली खळगा कोरला, म्हणजे कंपनं सिलिकॉनमध्ये झिरपून वाया जाणार नाहीत. त्यांचा विभाग १९९९मध्ये एजिलंट झाला आणि २००१च्या सुमारास त्यांचे डुप्लेक्सर फोनमध्ये बसू लागले.

जोर कमी ही उणीव राहिलीच होती. ती भरून काढली जपानच्या एआयएसटी संस्थेतल्या मोरितो अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९मध्ये त्यांनी अॅल्युमिनियमच्या जोडीने स्कँडियमही उडवलं. धातूच्या अणूंपैकी सुमारे ४३ टक्के स्कँडियम झाल्यावर थराचा प्रतिसाद पाच पट वाढला. कारण स्कँडियमला भोवती सहा नायट्रोजन हवेत, अॅल्युमिनियमला चार. या ओढाताणीत जाळी मऊ पडते आणि थोड्या विजेनेही जास्त ताणली जाते. स्कँडियम त्याहून वाढवलं, की जाळीची रचनाच बदलते आणि गुण नाहीसा होतो.

२०१९मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी याच मिश्रणाची विद्युतदिशा बाहेरून वीज देऊन उलटवता येते आणि वीज काढून घेतल्यावरही ती तशीच टिकते, हे सिद्ध केलं. फोनच्या डुप्लेक्सरमध्ये वाढलेला हा थर त्यामुळे आता मेमरी चिपसाठीही तपासला जात आहे.