नवं ग्राफिक्स कार्ड आलं, नवा गेम आला, तरी पूर्वीसारखी मजा का येत नाही?

जानेवारी २०२५. लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग स्टेजवर आले आणि त्यांनी नवं कार्ड दाखवलं, आरटीएक्स ५०७०. किंमत ५४९ डॉलर. दावा काय, तर आदल्या पिढीतलं १५९९ डॉलरचं आरटीएक्स ४०९० जे काम करतं ते हे कार्ड करेल.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी अशा बातमीवर मित्रामित्रांत आठवडाभर वाद झडले असते. आता बहुतेकांची प्रतिक्रिया एका शब्दात संपते. "बरं."

तुमचंही असं होत असेल. सेलमध्ये घेतलेले गेम डाउनलोडसुद्धा केलेले नाहीत. नव्या प्रोसेसरचा व्हिडिओ अर्ध्यात बंद होतो. लोक म्हणतात, वय झालं. पण पंचविशीतल्या पोरांना वय झालं म्हणणं जरा जास्तच होतंय. वयाचा भाग आहे, तो पुढे येईलच. पण त्याआधी तुम्ही बदललात की ती वस्तूच बदलली, हे बघू.

आधी ही मजा होती कसली?

१९९३ साली इंटेलचा पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग होता ६० मेगाहर्ट्झ. २००२ च्या शेवटी पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. म्हणजे दहा वर्षांत जवळपास पन्नासपट. या काळात तीन वर्षं जुना कॉम्प्युटर खरोखर जुना व्हायचा. नवा गेम त्यावर चालायचाच नाही, आणि नवा कॉम्प्युटर घेतला की फरक घरातल्या आजीलाही दिसायचा. १९९३ चं 'डूम' आणि १९९६ चं 'क्वेक' शेजारी ठेवून बघा. मध्ये फक्त तीन वर्षं आहेत, पण दोन वेगळी युगं वाटतात.

महाराष्ट्रात हे सगळं थोडं उशिरा आणि आपल्या पद्धतीने आलं. २००१ मध्ये एमकेसीएल सुरू झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं, आणि सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर तालुक्यातालुक्यात कॉम्प्युटर क्लास उघडले. गावाकडच्या कितीतरी पोरांनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो अशा क्लासमध्ये. सर बाहेर गेले की 'पेंट' बंद आणि कुणीतरी पेनड्राइव्हमधून आणलेला गेम चालू. मुंबईत लॅमिंग्टन रोड होता (पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर अजूनही कुणी सांगत नाही). सायबर कॅफेत तासाला वीस-तीस रुपये देऊन 'काउंटर स्ट्राइक', 'व्हाइस सिटी' चालायचं. 'डिजिट'सारख्या मासिकाबरोबर सीडी यायची आणि त्यातले डेमो गेम महिनाभर पुरवून खेळले जायचे.

रायगडच्या आतल्या भागात, म्हणजे महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, कॉम्प्युटरचा आणखी एक रस्ता होता. चाकरमानी. मुंबईच्या ऑफिसातून काढलेला जुना पीसी गणपतीला किंवा शिमग्याला गावी यायचा. तुडीलसारख्या गावात असा एक डबा आला की तो एका घराचा राहायचा नाही, वाडीचा व्हायचा. जून लागला की त्याची परीक्षा. कोकणातला दमटपणा, मध्येच जाणारी लाईट, टीं टीं करणारा यूपीएस, आणि विजा कडाडल्या की आईचा हुकूम: आधी पिन काढ. एवढं सगळं सांभाळून तो डबा चालू व्हायचा, म्हणून त्याचं कौतुक जास्त.

मग गाडी अडली कुठे?

याचं खरं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी मांडलेला नियम सगळ्यांना माहीत असतो: चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होते. पण आपल्याला जो वेग जाणवत होता त्यामागे दुसराच नियम होता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होतो तसा तो विजेवरही कमी जातो. त्यामुळे जास्त ट्रान्झिस्टर बसवा, जास्त वेगाने पळवा, चिप तेवढीच तापणार. एक प्रकारे फुकटचं जेवण.

हे जेवण २००५ च्या आसपास संपलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि उष्णता आवरेना. इंटेलचा एक पुढचा प्रोसेसर तयार होत होता, त्याचं सांकेतिक नाव चक्क 'तेजस' होतं. मे २००४ मध्ये इंटेलने तो रद्द केला आणि वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर दोन कोर बसवायचा रस्ता धरला. आज इंटेलचा सर्वांत वेगवान प्रोसेसर जेमतेम सहा गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आधीच्या दहा वर्षांत पन्नासपट, नंतरच्या वीस वर्षांत दुप्पट.

अर्थात गिगाहर्ट्झ म्हणजे सगळं नाही. आजचा एक कोर त्याच वेगात कितीतरी जास्त काम उरकतो आणि कोरही भरपूर असतात. पण वर्ड उघडायला, ब्राउझर चालवायला, बँकेची वेबसाइट बघायला ती ताकद लागतच नाही. सामान्य माणसाला खरोखर जाणवलेला शेवटचा मोठा बदल म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं. त्यानंतरचे बदल आकड्यांत आहेत, अनुभवात फारसे नाहीत.

चित्रांचंही तसंच. १९९६ च्या 'टूम रेडर'मधली लारा क्रॉफ्ट काहीशे त्रिकोणांनी बनली होती. ते दुप्पट केले की चेहरा चेहऱ्यासारखा दिसायला लागायचा. आता एका पात्रात लाखभर त्रिकोण असले आणि त्यांचे दोन लाख केले, तर फरक शोधायला स्क्रीनला नाक लावावं लागतं.

खिशाचं काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आलं, किंमत ३२९ डॉलर. डॉलर तेव्हा ६१ रुपयांच्या घरात. म्हणजे कर सोडून साधारण २० हजार रुपये. त्याच दर्जाचं आरटीएक्स ५०७० मार्च २०२५ मध्ये ५४९ डॉलरला आलं, डॉलर ८७ च्या आसपास. कर सोडून जवळपास ४८ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी लावा म्हणजे ५६ हजारांवर जातं. एवढ्या पैशात २०१४ ला चांगला अख्खा कॉम्प्युटर उभा राहायचा.

मध्ये काय काय झालं तेही आठवून बघा. २०१७ ते २०२२ या काळात दोनदा क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा लोकांना वाटलं, चला, आता भाव उतरतील. त्याच महिन्यात हुआंग यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की चिप दरवर्षी स्वस्त होत जाण्याचे दिवस गेले. मग एआयची लाट आली. डेटा सेंटरना मेमरी इतकी लागू लागली की २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट आणि त्याहूनही वर गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरी कॉम्प्युटर जोडणारा माणूस या कंपन्यांसाठी आता मुख्य गिऱ्हाईक राहिलेला नाही. आपला उत्साह ओसरला म्हणताना हेही लक्षात घ्यायला हवं की समोरच्यालाही आपल्यात रस उरलेला नाही.

आणि तो ५०७० विरुद्ध ४०९० चा दावा? तो एका अटीवर उभा होता. कार्ड एक फ्रेम स्वतः काढतं आणि पुढच्या तीन एआय अंदाजाने भरतं. आकडा वाढतो, हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात वाढत नाही. तंत्रज्ञान म्हणून ते भारी आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते लोकांचा विश्वास उडाला तो इथेच. ज्या आकड्यावरून वाद घालायचे, तो आकडाच पातळ झाला.

गेमचं घोडं कुठे पेंड खातंय?

डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारा गेम. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. पुढच्या तीन वर्षांत दुरुस्त्या होत होत तो खरंच उत्तम झाला. पण लोक त्यातून एक शिकले: पहिल्या दिवशी घेऊ नका. थांबा, दुरुस्त होईल, स्वस्तही होईल. हा शहाणपणा आला की पहिल्या दिवसाची धडधड संपते.

स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. आणि स्टीमच्याच वार्षिक आढाव्यानुसार, खेळाडूंनी त्या वर्षात खेळलेल्या वेळेपैकी १५ टक्केच वेळ त्या वर्षीच्या नव्या गेमना मिळाला. ३७ टक्के वेळ आठ वर्षांहून जुन्या गेममध्ये गेला. म्हणजे लोक खेळतायत, पण जुनंच. आपल्याकडचं उदाहरण तर घरोघरी आहे. 'ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७' हा २००६ चा गेम. त्यानंतर दोन वर्षांनी आयपीएल सुरू झाली, तरी पोरांनी स्वतः पॅच बनवून त्यात आयपीएलचे संघ घातले, आणि तो अजून चालतोय.

शिवाय आजचे मोठे गेम संपतच नाहीत. रोजचं टार्गेट, सीझन पास, लॉगिन केलं नाही तर बक्षीस बुडालं. दिवसभर ऑफिसमध्ये टार्गेट आणि रात्री घरी पुन्हा तेच.

तुडीलच्या पडवीत मात्र गोष्ट वेगळी आहे

कारण इथल्या बहुतेक पोरांनी ग्राफिक्स कार्ड कधी पाहिलंच नाही. इथला उत्साह आला मोबाइलवरून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आलं, आणि महाड तालुक्यातल्या गावागावांत रात्री जिथे रेंज येते तिथे चौघांची टोळी बसू लागली. कुणाच्या पडवीत, कुणाच्या गच्चीवर, कुठे देवळाच्या पायरीवर.

मग २०२० चा जून. ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जिल्ह्यातली कितीतरी गावं कैक दिवस अंधारात गेली. मोबाइल चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न होता. लाईट आली, लॉकडाऊनमध्ये गेम पुन्हा जोरात सुरू झाला, तर २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी गेलं. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने परत आला. त्याच महिन्यात सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली घातली आणि तळीयेत दरड कोसळली. कुणाला गेमची आठवण राहणार? जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही बंद झालं, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू.

गेम परत आला, पण टोळी आली नाही. एक एमआयडीसीत शिफ्टला, एक मुंबईला, एक आखातात, एकाचं लग्न झालेलं. शुक्रवारी ड्युटी नाही तर रविवारी नेटवर्क नाही. आपल्याकडे बहुतेकांसाठी गेम म्हणजे चौघांनी एकत्र बसायचं निमित्त होतं. गेमचा उत्साह गेला असं ज्याला आपण म्हणतो, तो पुष्कळदा त्या चौघांचा वेळ जुळेनासा झाल्याचा परिणाम असतो. हे आरटीएक्स ५०९० घेऊन सुटणारं दुखणं नाही.

डोक्यात काय चालतं?

१९७१ मध्ये ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणूस कुठल्याही सुखाला सरावतो आणि परत होता तिथेच येतो. नव्या मॉनिटरचा आनंद दोन आठवडे, मग तो फक्त मॉनिटर. त्यातली पुढची मेख केंट बेरिज यांच्या संशोधनात आहे: हवंसं वाटणं आणि आवडणं, या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या मार्गांनी हाताळतो. डोपामाइनचा संबंध मुख्यतः पहिल्याशी. म्हणून रिव्ह्यू बघताना, कार्ट भरताना जीव कासावीस होतो, आणि पार्सल उघडल्यावर 'हं, ठीक आहे' वाटतं.

इथे एक फरक नीट करायला हवा. फक्त गेम आणि हार्डवेअरचा कंटाळा आला, पण क्रिकेट, मित्र, जेवण, फिरणं यात मजा येते, तर काळजीचं कारण नाही. आवड बदलली, एवढंच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मग आहे तो कॉम्प्युटर बदलायचा का?

तुमचं काम अडत असेल तर बदला, व्हिडिओ बघून वाटतंय म्हणून नको. हार्ड डिस्कवर चालणारा जुना पीसी असेल तर एसएसडी बसवून बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बऱ्याच धडधाकट मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदत दिली आहे, त्यासाठी नोंदणी करावी लागते. त्यानंतर लिनक्स आहेच. आणि रॅमचे भाव चढलेले असताना जुना डबा भंगारात देण्याआधी आतली रॅम काढून घ्या, तिला गिऱ्हाईक मिळतं.