निपाणीची वखार आणि स्वामित्वाचा प्रश्न

निपाणीच्या तंबाखूचा इतिहास लिहिणारे बहुधा शेतापासून आरंभ करतात. आम्ही वखारीपासून करतो. शेतकऱ्याच्या हातून सुटलेले पान येथे येते, आणि येथेच स्त्रिया तंबाखूच्या उग्र धुळीत दिवसभर राबतात. शेतकरी काय, कामगार स्त्री काय, दोघांचीही गाठ वखारवाल्याशीच.

१९८० च्या सुमारास या स्त्रियांना प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केले. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट काढला. दरम्यान, मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर 'आंदोलननगर' उभारले. मागणी रास्त भावाची. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला, शेतकरी मेले.

डाव्या मंडळींत यावरून दुफळी पडली. भावाची चळवळ ही सधन शेतकऱ्यांची, मजुराला तीत काय लाभ, असा अनेकांचा आक्षेप. गेल ऑम्वेट यांनी मात्र पुढे शेतकरी संघटनेची बाजू घेतली. आमच्या मते या वादात एक प्रश्न मागे राहिला : वखार कोणाची असावी?

त्याचे एक उत्तर केरळात आधीच मिळाले होते. विडी कामगारांविषयीचा १९६६ चा कायदा लागू होऊ लागताच मंगळूरच्या मालकांनी कण्णूरकडील कारखाने बंद केले. सुमारे १२,००० कामगार उघड्यावर पडले. १९६९ मध्ये नंबुद्रीपाद सरकारच्या साहाय्याने 'दिनेश विडी' ही कामगारांची सहकारी संस्था निघाली आणि भरभराटीच्या काळात तिने ४०,००० च्या वर माणसांना काम दिले. युगोस्लाव्हियाने १९५० च्या कायद्याने कारखान्यांचा कारभार कामगार-मंडळांकडे सोपवला होता. परंतु तेथे ते शासनाने वरून दिले, कण्णूरला बेकारीने गळ्यात घातले.

उलट प्रवरानगरच्या १९५० च्या साखर कारखान्यात ऊस पिकविणारा मालक झाला आणि यंत्रावरचा कामगार पगारी नोकरच राहिला. (सहकाराच्या आमच्या गौरवगाथांत हा नोकर क्वचितच दिसतो.) कण्णूरला विडी वळणारा मालक झाला, पण तंबाखू तो बाजारातूनच घेणार, पान स्वस्त मिळाले तर त्याचे बरे. म्हणजे बाजार राखून स्वामित्व बदलले, तरी निपाणीचा शेतकरी होता तेथेच उभा! बाजारयुक्त समाजवादाचे कैवारी या गाठीपाशी फारसे थांबत नाहीत.

ज्या घरातील बाई वखारीत जाते आणि पुरुष अर्ध्या एकरात तंबाखू लावतो, त्या घरात पानाचा भाव आणि बाईची मजुरी एकाच चुलीपाशी येतात. दोघांनाही सभासद करून घेणाऱ्या वखारीचे पोटनियम कसे असावेत, याची चर्चा आंदोलननगरात होणे शक्य होते. शेतकरी आणि वखारीतील बाया, दोघांनाही ओळखणारे प्रा. जोशी तेथे होते.