रजेच्या जागेवरचा गिटारवाला

बँकेत 'ऑफिशिएटिंग' नावाचा एक प्रकार असतो. साहेब रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीवर एखाद्या कारकुनाला बसवतात. खुर्ची साहेबांची, पंखा साहेबांचा, टेबलावरच्या काचेखालचा तिरुपतीचा बालाजीसुद्धा साहेबांचाच. आपले काय, तर चार दिवसांचा भत्ता आणि झाल्याच तर चुका.

हे सांगायचे कारण मिक टेलर. हा कुठल्या शाखेत, असे विचारू नका. हा विलायतेतला गिटारवाला. १९४९ साली लंडनच्या उत्तरेकडल्या वेल्विन गार्डन सिटी या गावी जन्मला आणि उभी उमेद दुसऱ्यांच्या रजेच्या जागेवर घालवून बसला.

सुरुवातच बघा. १९६५ साली, म्हणजे स्वारी सोळा वर्षांची असताना, त्याच गावात जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या पार्टीचा कार्यक्रम होता. मुख्य गिटारवाला एरिक क्लॅप्टन आलाच नाही. गिटार मात्र येऊन स्टेजवर उभी! मध्यंतरात हा पोरगा मेयॉलकडे गेला आणि म्हणाला, "मी वाजवू का?" क्लॅप्टनच्याच गिटारीवर त्याने पुढला सगळा कार्यक्रम निभावून नेला आणि मित्रांबरोबर मुकाट घरी गेला. आपल्याकडे असे झाले असते तर पोराच्या वडिलांनी मानधनाचे पाकीट घेतल्याशिवाय हॉल सोडला नसता. दोन वर्षांनी पीटर ग्रीनने मेयॉलला रामराम ठोकला, तेव्हा मेयॉलला हाच पोरगा आठवला. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचीच जागा.

मग १९६९. रोलिंग स्टोन्सने आपल्या ब्रायन जोन्सला काढले आणि टेलरला बोलावले. याला वाटले, एखाद्या दिवसाचे काम असेल. निघाले कायमचे! ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कात लाखो लोकांपुढे पहिला कार्यक्रम ठरला, आणि ३ जुलैला ब्रायन जोन्स स्वतःच्या घरच्या पोहण्याच्या हौदात मरण पावला. वीस वर्षांच्या पोराचा कामावरचा पहिला दिवस आणि आधीच्या माणसाची शोकसभा एकाच मांडवात. मिक जॅगरने शेलीची कविता वाचली, पांढरी फुलपाखरे सोडली. त्यातली बरीचशी खोक्यात कोंडून आधीच मेली होती म्हणतात. इतका अपशकुन आमच्या खात्यातसुद्धा कोणी चालवून घेतला नसता.

पण टेलरने पुढे साडेपाच वर्षे जे वाजवले, ते मोठे आहे. नाट्यगीतांवर पोसलेल्या माझ्या कानांना रॉक म्हणजे भांड्यांचे कपाट कोसळल्यासारखे वाटायचे. याचे वाजवणे तसे नाही. सूर लांबवतो, मींडेसारखा एकातून दुसऱ्यात सरकवतो, आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की बरोबर तेवढ्याच जागेत बोलतो. चांगला पेटीवाला काय वेगळे करतो? 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग' हे गाणे तसे कधीच संपले आहे. पण मंडळी वाजवत राहिली, टेप चालू राहिली, आणि त्या न ठरवलेल्या शेपटीत टेलर जे वाजवतो त्यासाठीच लोक ते गाणे लावतात.

आता व्हाउचरकडे वळू. पाश्चात्य संगीताच्या धंद्यात खरी रक्कम वाजवणाऱ्याच्या खात्यावर पडत नाही, गाणे रचणाऱ्याच्या खात्यावर पडते. तबकडी विकली, रेडिओवर लागली, दुसऱ्या कोणी गायली, की रचणाऱ्याला पैसे. स्टोन्सच्या तबकड्यांवर रचनाकार म्हणून बहुतेक दोनच नावे असायची : जॅगर आणि रिचर्ड्स. काही गाण्यांत आपलाही हात आहे, असे टेलरचे म्हणणे होते, आणि ते ऐकणाऱ्याला खोटे वाटत नाही. पण कागदावर त्याचे नाव आले ते एकाच गाण्याला, 'व्हेंटिलेटर ब्लूज'ला. साडेपाच वर्षांत एक! आमच्याकडे पावसाळ्यातली छत्रीसुद्धा आपल्या नावावर याहून जास्त वेळा जमा होते.

डिसेंबर १९७४ मध्ये पंचविशीतल्या टेलरने राजीनामा दिला. कारण एकच नव्हते. अमली पदार्थांचा सुळसुळाट होता, मनात स्वतःचे काही करायचे होते. पण नावाचे हे दुखणे त्यात होतेच. लोकांनी त्याला वेड्यात काढले. स्टोन्सची नोकरी सोडतो म्हणजे काय! त्याच्या जागी आलेल्या रॉन वुडला तरी कंपनीने लगेच भागीदार केले का? छे. तो पंधरा वर्षांहून जास्त काळ पगारीच होता.

टेलर आधी जॅक ब्रूसच्या वाद्यवृंदात शिरला. तो वर्षभरात मोडला. शेवटी १९७९ साली सी.बी.एस. कंपनीने त्याची स्वतःची पहिली तबकडी काढली. नाव काय, तर 'मिक टेलर'. मला हे नाव फार आवडते. इतकी वर्षे सही करायला न मिळालेल्या माणसाने पहिल्या कोऱ्या कागदावर दुसरे काय लिहावे?

आठ गाणी. गातो स्वतः, गिटारीखेरीज इतर वाद्येही स्वतःच हाताळतो. आवाज प्रामाणिक पण पातळ. घरच्या सत्यनारायणाला चालेल, मैदानात पोचणार नाही. एका गाण्याचे नाव 'एस.डब्ल्यू. ५'. हा लंडनचा टपाल विभाग, आपल्या 'पुणे ३०'सारखा. 'पुणे ३०' नावाचे प्रेमगीत कोणी रचलेले नाही, पत्ता सांगण्यातच वेळ जातो. 'स्लो ब्लूज'मध्ये शब्द नाहीत आणि त्यांची आठवणही होत नाही. आणि शेवटची 'स्पॅनिश/ए मायनर' ही दहा मिनिटांहून लांब रचना. इथे कोणाच्या श्वासाची वाट बघायची नाही, कोणाला जागा करून द्यायची नाही. गिटार सावकाश, आपल्याच घरात फिरावे तशी फिरते. ती ऐकताना मला या माणसाचा राजीनामा पटतो.

बाजाराला मात्र पटला नाही. टेलर असताना स्टोन्सच्या ओळीने चार तबकड्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेल्या होत्या. ही ११९पर्यंत चढली आणि उतरली. १९७९ साली लोकांना एक तर डिस्को हवा होता नाही तर पंकचा आरडाओरडा. शांतपणे नीट वाजवणारा माणूस कोणाला हवा होता? शिवाय खरे सांगायचे तर तबकडीत लोकांच्या ओठांवर बसेल असे एकही गाणे नाही. ते कसब त्या दोन सहीवाल्यांकडे होते, हे टेलरच्या बाजूने बोलतानाही कबूल केले पाहिजे.

दुसरी स्टुडिओतली स्वतंत्र तबकडी यायला पुढे जवळजवळ वीस वर्षे लागली. मधल्या काळात तो बॉब डिलनच्या मागे वाजवत होता, म्हणजे पुन्हा साथीला. २०१२ ते २०१४ च्या दौऱ्यात स्टोन्सनी त्याला पाहुणा म्हणून बोलावले. जुलै २०१३ मध्ये तो पुन्हा हाइड पार्कच्या स्टेजवर चढला. 'मिडनाइट रॅम्बलर' सुरू झाले. रॉन वुड आपल्या जागेवर होता. टेलर त्याच्या शेजारी उभा राहिला, मान खाली घालून, आणि पुन्हा त्या लांबवलेल्या सुरात वाजवू लागला.