खंजिरी भजन आणि समुदाय : तुकडोजी महाराजांच्या कवि-गायक जीवनक्रमाचा एक विचार

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्वतः पदे रचून स्वतःच गाणाऱ्या माणसापुढे मोजकेच मार्ग खुले होते. हरिदासाने कीर्तनाला उभे राहावे, शाहिराने पोवाडा गावा किंवा तमाशाच्या फडात लावणी रचावी. प्रत्येक मार्गाचा आश्रयदाता वेगळा आणि प्रतिष्ठाही वेगळी होती. पठ्ठे बापूरावांनी कुलकर्णीपणाचा मान सोडून फड जवळ केला, अफाट लोकप्रियता मिळविली आणि १९४५ मध्ये विपन्नावस्थेत देह ठेवला. अमेरिकेत त्याच सुमारास निराळीच वाट तयार होत होती. रेल्वेत नोकरी केलेल्या जिमी रॉजर्सचे गाणे १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रित झाले आणि ग्रामोफोनच्या तबकडीने ग्रामीण गायकाला व्यवसाय मिळवून दिला. तुकडोजी महाराजांचा जीवनक्रम ह्यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. ते संत म्हणून इतके परिचित आहेत की त्यांचा कवि-गायक म्हणून विचार सहसा होत नाही. वस्तुतः त्यांचे पुढील सारे कार्य गायनातूनच उगवले आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक बंडोजी इंगळे ह्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शालेय शिक्षणही फार झाले नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून त्यांना गुरूपदेशाबरोबर 'तुकड्या' हे नाव मिळाले. पुढे 'तुकड्यादास' ही त्यांच्या पदांची नाममुद्रा झाली. कोवळ्या वयातच घर सोडून त्यांनी रामटेक, सालबर्डी आणि चिमूर परिसरातील गोंदेडा येथील अरण्यांत वास केला. भक्तचरित्रकार ह्या काळाकडे केवळ तपश्चर्या म्हणून पाहतात. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. भिक्षेवर राहून गावोगाव भजन म्हणणारा हा तरुण त्याच वर्षांत आपला श्रोता ओळखण्यास शिकत होता.

त्यांच्या वाद्याची निवड ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर चामडे ताणलेले, कडेला झांजा बसविलेले हातात मावणारे वाद्य. ती झोळीत राहते, तिला साथीदार लागत नाही आणि एकाच हातातून ताल व झणत्कार दोन्ही निघतात. मुख्य गायकाने चरण म्हणावा आणि बसलेल्या मंडळींनी ध्रुपद उचलावे, ही भजनाची रीत जुनीच. तुकडोजींनी तिच्यात सोपी मराठी व हिंदी पदे घातली, चाली थोड्या ठेवल्या आणि विषय मात्र मोकळा सोडला. देवाच्या स्तुतीसाठी घडविलेल्या त्याच साच्यात व्यसन, अस्पृश्यता, आळस आणि पारतंत्र्यही सहज बसू लागले. दुसऱ्यांदा ध्रुपद म्हणताना श्रोता ते स्वतःच्या तोंडाने बोललेला असतो. ह्या साध्या गोष्टीचे ऐतिहासिक महत्त्व पुढे चिमूरला दिसून आले.

१९३५ मध्ये सालबर्डी येथील महायज्ञाला प्रचंड जनसमुदाय लोटला आणि त्याच वर्षी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहू लागला. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. फिरत्या गायकाला अशा प्रकारे एक स्थान आणि एक राष्ट्रीय संदर्भ लाभला.

ऑगस्ट १९४२ ही ह्या जीवनक्रमातील खरी कसोटी होय. त्या वर्षीच्या चळवळीत यावली, बेनोडा, आष्टी आणि चिमूर ही गावे पेटली. ह्या सर्व ठिकाणी तुकडोजींच्या भजनांचा आधीपासून प्रभाव होता. (येथे आष्टी म्हणजे वर्धा जिल्ह्यातील, मुलचेऱ्याजवळची, चामोर्शी तालुक्यातील आष्टी नव्हे. नामसादृश्यामुळे विद्यार्थ्यांची गल्लत होण्याचा संभव आहे.) १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकाऱ्यांचीही हत्या झाली. त्यानंतर आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भणसाळी ह्यांनी ६३ दिवस उपोषण केले. आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. त्यांतील अखेरपर्यंत कायम राहिलेल्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. तुकडोजींना ऑगस्टअखेर चांदा येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगवासानंतर डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

गायकाची ह्यात जबाबदारी किती? सरकारच्या दृष्टीने ते चिथावणीखोर होते. भक्तांच्या दृष्टीने त्यांनी केवळ राष्ट्रप्रेम जागविले. दोन्ही भूमिका भजनाला व्याख्यान समजतात, म्हणजे एकाने सांगावे आणि इतरांनी ऐकावे असे मानतात. समूहगायनात असा पालनकर्ता श्रोता नसतोच. निसर्गातील वस्तूच शस्त्रे बनतील अशा आशयाचे पद शेकडो लोक एका तालात म्हणतात तेव्हा त्यातील रूपक कोणी रूपक म्हणून घ्यावे आणि कोणी शब्दशः, हे ठरविणे गायकाच्या हाती उरत नाही. चिमूरच्या जमावाचा तात्कालिक प्रक्षोभ गोळीबाराने घडविला. मात्र शेतकरी व मजूर एवढ्या संख्येने एकत्र येण्यास धजले, त्यांना आपण 'एक' आहोत असे वाटले, ती सवय भजनाने लावलेली होती. ह्या मर्यादित अर्थाने तुकडोजींचे गाणे त्या घटनेचे एक कारण होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल. त्यात त्यांची निंदाही नाही आणि गौरवही नाही.

सुटकेनंतरच्या रचनेचा कल ह्याच अनुभवाच्या प्रकाशात समजतो. गाणे थांबले नाही, परंतु त्याभोवती शिस्तीचे कुंपण आले. ठरलेल्या वेळी, रांगेत बसून, शांतपणे करावयाच्या सामुदायिक प्रार्थनेवर भर वाढला आणि श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. कवीनेही रूप बदलले. 'ग्रामगीता' हा ४१ अध्यायांचा, ४६७५ ओव्यांचा ग्रंथ एकट्यानेही वाचता येतो, त्यावर विचार करता येतो आणि हवे तेथे थांबता येते. ध्रुपदाच्या ओघात तशी सवड नसते. ग्रामशुद्धी, श्रम, शिक्षण, स्त्रियांची उन्नती असे विषय ओवीच्या संथ चालीत मांडण्यामागे प्रचारकापेक्षा शिक्षकाची दृष्टी दिसते. काव्यदृष्ट्या मात्र त्यांची भजने अधिक चैतन्यपूर्ण आहेत. ग्रामगीतेतील कित्येक ओव्या सूचनापत्रासारख्या कोरड्या आहेत, हे मान्य केले पाहिजे.

१९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत त्यांनी भाग घेतला आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे ते अध्यक्ष झाले. राजेंद्रप्रसादांनी केलेला 'राष्ट्रसंत' हा गौरव त्यांच्या नावाला कायमचा जडला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे निधन झाले. नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव २००५ मध्ये देण्यात आले.

जुन्या चांदा जिल्ह्यात ह्या गायनाचा प्रसार सर्वत्र सारखा झाला असे मानणे चुकीचे ठरेल. चिमूर आणि मुलचेरा ही दोन्ही ठिकाणे १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच जिल्ह्यात होती, पण त्यांची भाषिक घडण अगदी निराळी आहे. चिमूर, ब्रह्मपुरी, वडसा हा मराठीची झाडी बोली बोलणारा, भातशेतीचा आणि नाटकवेडा पट्टा. तेथे भजनी मंडळ रुजायला जमीन तयार होती. वैनगंगेच्या पूर्वेस मुलचेरा-अहेरीकडे गोंडी, माडिया आणि तेलुगू ह्यांचे प्राबल्य आहे. त्यांत १९६० नंतरच्या दशकात पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या वसाहतींनी बंगाली भाषेची भर घातली आणि त्यांच्याबरोबर खोल-करतालांवरचे हरिनाम-संकीर्तनही आले. गोंडी गावांत तर ढोल आणि रेलाच्या फेरात समूहगायन पूर्वीपासून नांदत होते. समुदायाला गाण्याची गोडी लावण्याचे काम येथे कोणी बाहेरून येऊन करावे अशी गरजच नव्हती. तुकडोजींनी हिंदीतही पदे रचली ती भाषेची सीमा ओलांडण्यासाठीच, पण हिंदीचे हे साहाय्य बाजारपेठेच्या गावांपुरतेच पुरे पडणारे होते. त्यापलीकडच्या अरण्यात खंजिरीला आपल्याहून जुन्या ढोलाशेजारी बसावे लागले.