जवसाच्या पोटची शाई

वर्तमानपत्र वाचून झालं की बोटं काळी होतात, कारण ती शाई वाळलेलीच नसते. वृत्तपत्राच्या काळ्या शाईत खनिज तेल असतं. ते कागदात मुरतं, पण घट्ट होत नाही. जवसाच्या तेलाचा स्वभाव वेगळा. हवेतला प्राणवायू घेऊन ते साय धरतं आणि कडक होतं. छपाईच्या शाईला जन्म दिला तो याच गुणानं.

पोथ्या लिहायची शाई म्हणजे काजळ, डिंक आणि पाणी. नाव फारसी, 'सियाही' म्हणजे काळेपणा. पण ही पाणीदार शाई धातूच्या खिळ्यांवरून ओघळते. म्हणून पंधराव्या शतकात गुटेनबर्गनं तेलाची शाई घेतली. पुढे चारेकशे वर्षं जवसाचं तेल कढवून, त्यात काजळी घोटून शाई होत राहिली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापाची शाई स्वतः बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. शिळाछाप चालतो तेल-पाण्याच्या वैरावर, तेव्हा तीही शाई स्निग्धच.

विसाव्या शतकात स्वस्त खनिज तेलानं जवसाला मागे सारलं. १९७०च्या दशकात त्याच तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेतले वृत्तपत्रवाले पुन्हा शेताकडे वळले. १९८७ साली आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या 'गॅझेट'नं सोयातेलाची शाई वापरून अंक छापला.

जमिनीखालचं तेल की शेतातलं, हा सवाल वर्ध्यानं त्याच्या कितीतरी आधी घातला होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. तिथं झवेरभाई पटेलांनी घाणी सुधारली, ती 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. रॉकेलऐवजी गावच्या घाणीचं तेल जाळणारा मगनदीप कंदीलही तिथलाच. तिथं प्रश्न दिव्याचा होता, शाईचा नव्हे. पण संघाची धुरा वाहणाऱ्या अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचा आग्रह शाईलाही तंतोतंत लागू पडतो: जे दरसाल पिकतं त्यावर चालावं, साठा उपसून नव्हे.

मात्र डब्यावरच्या हिरव्या पानाला भुलू नये. अमेरिकेत वृत्तपत्राच्या काळ्या शाईत ४० टक्के आणि सुट्या कागदांच्या ऑफसेट शाईत अवघं २० टक्के सोयातेल असलं, तरी सोयाचं चिन्ह मिळे. रंगद्रव्यं तर जुनीच राहतात. सोयाची शाई वाळायलाही वेळ घेते, कारण सोयातेल जवसाइतकं घट्ट होत नाही. फायदा खरा आहे तो हवेत बाष्पं कमी मिसळतात त्याचा, आणि रद्दीवरून शाई सहज सुटते त्याचा.

वर्धा जिल्ह्यात आज सोयाबीन उदंड आहे. जवसाची निळी फुलं मात्र हिवाळ्यात शोधावी लागतात. लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक छापायला टाकाल, तेव्हा कागद निवडून झाल्यावर छापखानेवाल्याला एवढं विचाराच: शाईत तेल कशाचं आहे, आणि किती?