पाच लाख डॉलरचा वायदा

सप्टेंबर २००६. अमेरिकेतील रिनो शहरात एफ्रेन रेयेस या फिलिपिनो खेळाडूने रॉडनी मॉरिसला हरवून एट-बॉल पूलची जागतिक स्पर्धा जिंकली. बक्षीस पाच लाख डॉलर! पूलमध्ये एवढे मोठे बक्षीस पूर्वी कधी कोणी लावले नव्हते. पण टाळ्या थांबल्या आणि खेळाडूंच्या हाती पैशांऐवजी तारखा पडू लागल्या.

ही स्पर्धा 'इंटरनॅशनल पूल टूर'ची होती. अमेरिकेत पूल घरोघर माहीत असला तरी त्यावर पोट भरणे कठीण. बक्षिसे तुटपुंजी, म्हणून अनेक चांगले खेळाडू रात्री पैजा लावून खेळत. २००५ मध्ये केव्हिन ट्रुडो यांनी त्यांना वेगळे स्वप्न दाखवले. पैज नको, कौशल्याचे पैसे घ्या, टेनिस-गोल्फसारखी इज्जत घ्या.

सुरुवात झोकात झाली. २००५ च्या अखेरीस ऑरलँडोत रेयेस यांनी माइक सिगेलना हरवून दोन लाख डॉलर मिळवले. २००६ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासला जर्मनीच्या थॉर्स्टन होमान यांनी साडेतीन लाख जिंकले. मग आले रिनो, आणि तिथेच गाडी अडली. खेळाडूंना सांगण्यात आले, पैसे हप्त्यांनी मिळतील. ऑनलाइन जुगाराच्या धंद्यातील एका कंपनीशी सौद्याची बोलणी होती, तीही फिसकटली. ऑक्टोबरमध्ये अशा जुगाराच्या पैशांच्या व्यवहारावर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत आला होता. पैजेपासून सुटका देऊ म्हणणारा दौरा शेवटी जुगाराच्याच दाराशी उभा राहिला. पुढच्या मोठ्या स्पर्धा झाल्याच नाहीत.

ट्रुडो यांचा पूर्वेतिहास लपलेला नव्हता. फसवणुकीच्या गुन्ह्यांत ते पूर्वी तुरुंगात जाऊन आले होते. टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींतून वस्तू विकण्यास त्यांना २००४ मध्ये मनाई झाली होती. पुस्तके विकण्याची मुभा मात्र उरली, आणि घरगुती इलाजांच्या पुस्तकाने त्यांना अफाट पैसा दिला. वजन घटवण्याच्या पुस्तकाच्या खोट्या जाहिरातींवरून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

मग खेळाडूंनी विश्वास का ठेवला? कारण आधीचे पैसे मिळाले होते, आणि दुसरा दरवाजा नव्हता. गरजवंताला अक्कल नसते असे आपण सहज म्हणतो. पण गरजवंताला अक्कल असते, पर्याय नसतो.

कुरआनातील सर्वात मोठी आयत नमाज-रोजाबद्दल नाही, ती देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. सूरह बकराची २८२ वी. तिच्या पुढचीच आयत तारणाचा विषय काढते. व्यवहारात नुसती नियत पुरत नाही, हमीही लागते, हे त्यातून उमगते. रिनोत खेळ सुरू होण्याआधी बक्षिसाची रक्कम तिऱ्हाइताकडे अमानत म्हणून ठेवली असती, तर जिंकणाऱ्याला आपल्याच हक्कासाठी वाट पाहावी लागली नसती. एका माणसाच्या खिशावर उभा राहिलेला खेळ त्या खिशाबरोबरच रिकामा झाला.

मोबदला ही मेहेरबानी नाही. खेळाडूचा असो की बिगाऱ्याचा, वायद्याआधी हमी मागायला संकोच वाटू नये.